दहापैकी साडेपाच

रिहे, ता. मुळशी
८ नोव्हेंबर १९८२

सौ. लीलाबाई खैरे,
वेदना-उपचार विभाग, पुणे.

स. न. वि. वि.

पाटीवर पेन्सिल ओढल्याचा आवाज तुम्हाला आठवतो का? एका पाटीवरचा नव्हे, चौथीच्या अख्ख्या वर्गाचा. मी फळ्यावर गणित घातलं की क्षणभर सगळं चिडीचूप व्हायचं आणि मग एकदम सगळ्या पेन्सिली करकरायला लागायच्या. मधेच एखादीत खडा निघायचा. ती अशी किंचाळायची की कळ दातांतून थेट मानेत जायची. तरी मला तो आवाज आवडायचा. पोरं कामाला लागली याची ती खूण होती. बाहेर रिह्याच्या खाचरांत आंबेमोहोर फुलोऱ्यावर असायचा, त्याचा वास खिडकीतून आत यायचा, आणि मी खुर्चीत डोळे मिटून ती करकर ऐकत राहायचो.

आज तोच आवाज माझ्या डाव्या कुशीत चालू आहे. गेल्या पावसाळ्यात नागिणीनं पाठीच्या कण्यापासून छातीपर्यंत जो पट्टा ओढला, त्यावर कुणीतरी वर्ग भरवला आहे आणि सुट्टी द्यायला विसरला आहे. दिवसभर करकर, आणि मधूनमधून ती खड्याची पेन्सिल.

हे सगळं लिहितोय ते पाळंदे बाईंसाठी. "दुखतं म्हणजे कसं दुखतं, ते तुमच्या शब्दांत कळवा," असं त्या म्हणाल्या होत्या. बाई मनाच्या डॉक्टर आहेत हे आधी कळलं असतं तर मी जरा जपून बोललो असतो. डॉक्टर ढमाले भूल देणारे, मारणे व्यायाम देणारे, पाळंदे बाई शब्द मागणाऱ्या आणि तुम्ही चहा देणाऱ्या. असे चौघे माझ्याभोवती बसलात. जन्मभर मी परीक्षा घेतल्या, पण एका विद्यार्थ्याला चार परीक्षक कधी पाहिले नव्हते. बायकोला, रहिमतबीला, म्हटलं, "व्यायामवाल्यांचं आडनाव मारणे." ती म्हणाली, "मंग घरीच ऱ्हावा."

गावात नागिणीवर गेरू लावला. तिचं तोंड शेपटीला मिळू दिलं नाही म्हणून सगळे खूश झाले. फोड सुकले आणि दुखणं मागे राहिलं. आता कापड नुसतं टेकलं तरी जीव जातो. सदरा घालता येत नाही. बाबालाल तांबोळी गुरुजी उघड्या अंगानं दाराबाहेर कसे जाणार? म्हणून जात नाही, आणि कुणाला आतही घेत नाही. पुण्याला आलो तो रहिमतबीचं मलमलीचं लुगडं अंगावर सैल सोडून, टॅक्सीच्या काचा वर करून.

शाळा घरामागेच आहे. नव्या हेडमास्तरांनी निरोप पाठवला होता की शनिवारी येऊन पोरांना कविता म्हणायला शिकवा. पोरं काय करतात ते मला इथे पडल्या पडल्या ऐकू येतं.

उठा पाखरांनो, दव सुकू लागले,
डोंगराच्या पाठी ऊन रांगू लागले

हे ती 'ऊऽऽन' असं ओढतात, जणू ऊन रांगत नसून विहिरीत पडतंय. मला तिथे जाऊन एवढंच सांगायचं आहे. अंगात सदरा घालून तेवढ्या अंतरावर जाता यावं, यापलीकडे तुमच्या चौघांकडे माझं मागणं नाही.

तुम्ही दुखण्याला दहापैकी गुण द्यायला सांगितले आहेत. या पंधरवड्याचे गुण : पाच.

आपला,
बाबालाल तांबोळी


पुणे
१९ नोव्हेंबर १९८२

आदरणीय गुरुजी,

सा. न.

तुमचं पत्र बुधवारच्या बैठकीत वाचलं. बैठक म्हणजे काय, ते आता तुम्हाला ठाऊक आहे : ते डगमगतं टेबल आणि गार झालेला चहा. पेन्सिलींचा मजकूर आला तसे पाळंदे बाईंनी डोळे पुसले. मारणे म्हणाले, "गुरुजींना म्हणावं, श्वासाचे व्यायाम चालू ठेवा, कुशीला जपून वाकडं बसू नका, नाहीतर खांदाही धरेल." डॉक्टर ढमाल्यांनी शेवटची ओळ पाहिली आणि म्हणाले, "पाच. बरं." ते वाईट नाहीत हो. त्यांचा जन्म झोपलेल्या माणसांशी बोलण्यात गेला आहे. जागा रोगी समोर आला की ते आकड्याकडे बघतात.

आमची अडचण उघड सांगते. बरगडीच्या नसेत द्यायचं ते इंजेक्शन डॉक्टर आठवड्यातून एकाच दुपारी देऊ शकतात, कारण बाकीचे दिवस त्यांना ऑपरेशनची खोली सोडत नाही. आणि कातडीला बारीक वीज देऊन दुखणं बोथट करणारं ते यंत्र आमच्याकडे एकच आहे. कुणा धर्मादाय संस्थेनं परदेशातून आणून दिलेलं, बॅटरीवर चालणारं. ज्याचा त्रास जास्त, त्याला आधी. चौघांचं एकमत होणारी एवढीच गोष्ट आहे.

तोवर रात्रीची गोळी चालू ठेवा. ती मनाच्या आजारावरची आहे असं कुणी सांगितलं तर घाबरू नका, नसांच्या दुखण्यालाही ती देतात. तोंड कोरडं पडेल, गुंगी येईल. गुण मात्र नियमित कळवत जा. आमचं सगळं त्यावर चालतं.

मी मुळशीतल्याच भरे गावची. तुमच्यापासून फार लांब नाही. आंबेमोहोराचा वास तुम्ही लिहिलात आणि वॉर्डातल्या फिनेलचा वास मला एकाएकी सहन होईना. पाय फार दुखतात हल्ली. पण परिचारिकेचे पाय हा काही विभागाचा विषय नाही.

आपली,
लीलाबाई खैरे


रिहे
६ डिसेंबर १९८२

सौ. लीलाबाईंस स. न. वि. वि.

तुमचे पाय हा विषय नाही, असं कसं? दुखण्याच्या कचेरीत बसून असं लिहू नये. गरम पाण्यात मीठ घालून पाय सोडून बसा. हा उपाय रहिमतबीचा, माझा नव्हे.

गोळी घेतो. झोप लागते, पण ती झोप चिखलासारखी, सकाळी पाय ओढून काढावा लागतो. आणि एक विचित्र झालं आहे. 'उठा पाखरांनो'चं तिसरं कडवं गेलं. पहिली दोन आहेत, चौथं आहे, मधलं नाही. तोंडाशी येतं आणि जिभेच्या कोरडीवरच सुकून जातं. ती कविता मी पहिल्यांदा ऐकली ती पौडच्या शाळेत, वर्गाबाहेर उभा राहून, कारण माझं नाव अजून घातलं नव्हतं. भिंतीला कान लावून पाठ केली होती. भिंतीपलीकडून आलेली गोष्ट आता पुन्हा भिंतीपलीकडे गेली. पाळंदे बाईंना सांगा किंवा नका सांगू.

तुमच्या बाकावर त्या दिवशी माझ्या शेजारी बसला होता तो कोंडीबा, त्याचं काय झालं? ताम्हिणीच्या बाजूच्या वाडीवरचा. ओंडका अंगावर येऊन पाय गेला, आणि गेलेल्या पायाचा अंगठा दुखतो म्हणत होता. तुम्ही आम्हा दोघांना चिठ्ठ्या दिल्यात आणि आत गेलात. तो मला म्हणाला, "मास्तर, ह्यात काय लिवायचं?"

मी म्हटलं, "किती दुखतं ते. दहापैकी."

"बारा लिवा."

"अरे, दहाच्या वर जात नाही."

"का?"

"नियम आहे."

"दुकतंय माजं, आन नेम तुमचा?"

वर मला विचारतो, "तुमी किती लिवलं?" मी चिठ्ठी दाखवली. "पाच? आन मंग बायकूचं लुगडं गुंडाळून कशापायी आलायसा?" आसपासची दुखणारी माणसंसुद्धा हसली. मला राग आला होता. पण गाडीत बसल्यावर मीही हसलो, आणि हसल्यावर कुशीत जे झालं त्यानं काचेवर डोकं टेकून राहिलो. तो दाराकडे गेला तेव्हाचा त्याच्या कुबडीचा आवाज लक्षात राहिला. एक ठोका, मग थोडं थांबणं, मग उरलेल्या पायाची बोटं पुढे घासल्याचा. आठ मात्रांत नीट बसणारा.

त्याच्या चिठ्ठीवर शेवटी मी दहा लिहिले. काव्यगायनाला मी कुणाला सातच्या वर गुण दिले नाहीत. दहा म्हणजे ज्याला पुढे शिकायला काही उरलं नाही त्याला. पण गुण त्याच्या पायाचे होते.

माझे या पंधरवड्याचे : साडेपाच. अर्धा वाढवला, कारण आता चादरही नको वाटते.

आपला,
बाबालाल तांबोळी


पुणे
३ जानेवारी १९८३

आदरणीय गुरुजी,

सा. न.

उत्तराला उशीर झाला. वॉर्डात दोघी रजेवर होत्या, आणि विभाग ठेवायचा की नाही अशी चर्चा वरच्या मजल्यावर चालू आहे. चार जण एका रोग्यामागे कशाला, असं तिकडे विचारतात. त्यामुळे आम्हाला किती रोगी मोकळे केले ते दाखवायचं आहे.

यंत्र कोंडीबाला दिलं. वाडीवर वीज नाही, तरी चालतं. मारण्यांनी दोन वेळा जाऊन पट्ट्या कुठे लावायच्या ते शिकवलं. अंगठा आता "निजतोय" म्हणतो.

तुमच्याबद्दल जे ठरलं ते लिहायला हात धजत नाही. तुमचे गुण पाच, साडेपाच, मधल्या पोस्टकार्डावर पुन्हा पाच. सातच्या खालच्यांना 'मध्यम' म्हणायचं आणि त्यांची फाईल बंद करून गावच्या डॉक्टरांकडे सोपवायचं, असं झालं आहे. पाळंदे बाई म्हणाल्या, "हा माणूस लपवतो आहे." डॉक्टर म्हणाले, "लपवलेलं मोजायला माझ्याकडे यंत्र नाही." टेबलावर साडेपाच लिहिलेलं तुमचं पत्र होतं, ते मी फाईलला लावलं.

गोळी चालू ठेवा. हळूहळू कमी होतं कित्येकांचं.

आपली,
लीलाबाई खैरे


(पोस्टकार्ड)
रिहे
११ जानेवारी १९८३

सौ. लीलाबाईंस स. न.

पत्र पोचलं. निर्णय योग्य आहे. जास्त दुखणाऱ्याला आधी, हे मीच वर्गात शिकवलं असतं. चौघांनी एवढं ऐकून घेतलंत, आभारी आहे. मिठाचं पाणी विसरू नका.

बा. तांबोळी


रिहे
१७ जानेवारी १९८३

लीलाबाई, सलाम.

मी रहिमतबी तांबोळी बोलतीया आन चाँदभाई लिवत्यात. ह्यांचं पिरंगुटात दुकान हाय, आठवड्याला माल घिऊन येत्यात. गुरुजी आतल्या खोलीत हायेत. त्यांना ह्यातलं कायबी ठावं न्हाई.

बाई, तुमी लई शिकलेल्या. मला एक सांगा. त्यांनी पाच लिवलं आन तुमी पाच मानलं? आवं, त्यांचं पाच म्हंजी काय, हे इचारलं का कुनी? आमच्या थोरल्यानं शाळेत कविता म्हनली तवा समदं गाव रडलं. पाटील रडलं. ह्यांनी किती दिलं? सहा. बापानं लेकाला! पोरगं जेवलं न्हाई त्या दिशी. मी भांडले तर म्हनले, "सहा चांगले आहेत." कालवनात मीठ बरूबर पडलं का म्हनून इचारलं तर म्हनत्यात "ठीक." निकाहाला चाळीस वर्सं व्हत आली, 'झ्याक' ह्यो सबूद मी त्यांच्या तोंडून ऐकला न्हाई.

आन ह्यो मानूस सोताच्या दुखन्याला साडेपाच देतोय. तुमाला समाजतंय का किती दुकत आसल?

(हे मी लिहितोय, चाँदभाई. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. मला तीन मिळाले होते आणि मी ते अजून लोकांना अभिमानानं सांगतो. भाभी म्हणतात ते खरं आहे.)

हायेत तसं बसून ऱ्हात्यात. भितीला पाट लागू देत न्हाईत. थंडी हाय, तरी अंगावर काय न्हाई. शेगडी फुडं ठिवते. माघं पोरं कविता म्हनाया लागली की वठ हालवत्यात, मदीच थांबत्यात, आन मंग भितीकडं तोंड करत्यात. परवा म्हनले, "रहिमत, आता पुण्याला पत्रं टाकायची नाहीत. त्यांचा वेळ जातो." त्यांचं बोलनं आसं की आयकून मलाच दमल्यावानी झालं.

फायल बंद केली ती उघडा. न्हाईतर मी येते आन तुमच्या त्या टेबलावर बसते.

रहिमतबी
(सही : अंगठा. साक्ष : चाँदभाई)


पुणे
२५ जानेवारी १९८३

आदरणीय गुरुजी,

सा. न.

रहिमतबींवर रागावू नका. पत्र त्यांनी धाडलं, मी ते बैठकीत मोठ्यानं वाचलं. 'बापानं लेकाला' इथे मारणे खुर्चीतून उठून उभे राहिले.

डॉक्टर ढमाल्यांनी तुमची जुनी पत्रं पुन्हा चाळली. मग म्हणाले, "त्यांनी जन्मात सर्वांत जास्त दिले ते सात. म्हणजे आपला दहा त्यांच्या सातावर येतो. साडेपाच म्हणजे कुठे गेला बघा." त्यांनी कागद ओढून गणित मांडलं. पाळंदे बाई म्हणाल्या, "अहो, गणित कसलं करताय, माणसाला बोलवा." त्यावर दोघांचं जुंपलं. मी चहा आणायला गेले. खरं सांगते, त्या बोळात भिंतीला टेकून थोडी उभी राहिले. तुमची पत्रं सगळ्यांत जास्त मी वाचली होती. सातच्या वर कुणाला दिले नाहीत, हे तुम्ही स्वतः लिहिलं होतं, आणि मी ते एक गंमत म्हणून वाचलं.

फाईल उघडली आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर इंजेक्शन देतील. यंत्र कोंडीबाकडून परत आलं की मारणे ते रिह्याला घेऊन येतील. कोंडीबाची पाळी महिनाअखेर संपते. त्याला निरोप धाडला आहे, की पुढची पाळी तांबोळी गुरुजींची. तो कधी आणून देईल कोण जाणे, वाडीवरून खाली यायचं त्याला सोपं नाही. तोवर कळ काढा.

या उपायांनी पूर्ण जाईल, असं आमच्यातला कुणीच म्हणत नाही. सदरा घालण्याइतकं कमी व्हावं, एवढा प्रयत्न आहे. विभाग मार्चनंतर राहील की नाही, तेही माहीत नाही. पण तुमचं काम त्याआधी करायचं, असं चौघांनी ठरवलं आहे.

एक विनंती. पुढच्या पत्रात गुण द्याल ते मास्तर म्हणून देऊ नका.

आपली,
लीलाबाई


रिहे
२ फेब्रुवारी १९८३

चि. लीलाबाई,

आता 'सौ.' नाही आणि 'नमस्कार'ही नाही. तुम्ही मला ताकीद दिलीत, तेव्हा तुम्ही घरच्या झालात.

रहिमतबीशी तीन दिवस बोललो नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. म्हणाली, "आदीबी काय लई बोलत व्हता?" चाँदभाई सामान ठेवून तोंड चुकवून पळाला.

मास्तर म्हणून नको म्हणता, पण दुसरं कुणी म्हणून मला काही येत नाही. तुमच्या विनंतीवर विचार करत बसलो. मी दहा का देत नाही? पोरांच्या बाबतीत उत्तर सोपं होतं : पुढे वाढायला जागा हवी. दुखण्याच्या बाबतीतही तेच केलं असावं. आज दहा देऊन टाकले आणि उद्या याहून वाईट दिवस आला, तर त्याला काय देऊ? हातात काहीतरी राखून ठेवावं असं वाटायचं. मेलो तरी तीन गुण शिल्लक, अशी काहीतरी समजूत.

दमलो आहे, लीलाबाई. दुखण्यापेक्षा ते चांगल्या रीतीनं सोसण्यानं दमलो. कुणी येऊ नये म्हणून दार लावून घेण्यानं दमलो. हेडमास्तर दोनदा येऊन गेले, मी आतून "झोपलोय" म्हटलं. झोपलेला माणूस असं म्हणतो का? ते बिचारे "बरं" म्हणून गेले.

थंडी आता कमी होते आहे. सकाळी धुकं रिह्याच्या डोंगरावरून उतरत नाही, तिथेच विरतं. मागे पोरं म्हणतात आणि अजून ऊन विहिरीतच पडतं. तिसरं कडवं आलेलं नाही. पण काल एक शब्द आला : 'ओंजळ'. कुठे बसतो ते कळत नाही. तो उशाशी ठेवला आहे.

तर गुण. हे लिहायला मी सकाळपासून बसलो आहे. पोरांच्या भवितव्याचे लिहिले, त्याला इतका वेळ लागला नव्हता.

नऊ.

लिहिले. खोडत नाही. डॉक्टरांना सांगा, गणित करू नका, हे तुमच्याच मापातले आहेत. दहावा राखून ठेवला आहे, तेवढी सवय राहू दे.

मारणे येतील तेव्हा मला आधी कळवा, म्हणजे मलमल तरी

कुणीतरी अंगणात आलं आहे. पाहुणा नसावा, या वेळेला एसटी नाही. हेडमास्तर असतील. रहिमतबीला खुणेनं सांगितलं, झोपलेत म्हण. ती दाराशी गेली आहे आणि तसं म्हणायचं सोडून बाहेर कान देते आहे.

लीलाबाई, तो आवाज. एक ठोका, मग थोडं थांबणं, मग घासल्याचा.

"मास्तर हायेत का? ह्ये घ्या तुमचं मशीन. मारनेसायेब यीस्तवर कोन थांबतंय! भाताच्या ट्रकात बसून आलोय. आंगठा निजला तवर निगालो, उठायच्या आत तुमाला पट्ट्या कुटं लावायच्या ते दावतो. आन आता किती लिवलंय, ते खरं सांगा."

रहिमतबी माझ्याकडे बघते आहे. माझ्या अंगात सदरा नाही. मलमल आत दोरीवर आहे.

रहिमत, राहू दे ती. दार उघड.